पोहोचणं वेगळं, गाठणं वेगळं

मुंग्यांना कुणी सांगत नाही, तरी त्या जवळचा रस्ता शोधून काढतात. म्हणजे त्यांच्या व्यवस्थेला आपलं ध्येय आपोआप कळतं. या धाटणीचं वाक्य मी इतक्या लेखांत वाचलंय आणि इतक्या व्याख्यानांत ऐकलंय की आता राहवत नाही. त्यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. दुसरा मात्र त्यातून निघतच नाही. स्वयंसंघटन, म्हणजे वरून कुणी न आखता छोट्या छोट्या हालचालींतून रचना उभी राहणं, ही एक गोष्ट. ध्येयलक्ष्यी वर्तन, म्हणजे ठरलेलं ठिकाण गाठण्यासाठी वाट बदलणं, ही दुसरी. दोन्हींवर 'आपोआप' हा एकच शब्द फासला की फरक पुसला जातो.

स्वयंसंघटन तुम्हाला ओळखीचं असेल, म्हणून दोनच ओळी. द्रवाचा पातळ थर खालून सारखा तापवला की त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं उमटतात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आंरी बेनार यांनी 1900 मध्ये ती नीट अभ्यासली. संध्याकाळी दादरच्या पुलावर जाणाऱ्यांच्या आणि येणाऱ्यांच्या रांगा वेगळ्या होतात, तेही तेच. समोरच्याला धडकण्यापेक्षा आपल्याच दिशेच्या पाठीमागे लागणं सोपं, एवढ्यावर रांगा बनतात.

सजीव की निर्जीव, साधं की गुंतागुंतीचं, वर कुणी मुकादम आहे की नाही, या फरकांवर पानं खर्च होतात. त्यांत फार काही नाही. गिझरचा थर्मोस्टॅट निर्जीव असून एक तापमान धरून ठेवतो. वादळ अतिशय गुंतागुंतीचं असतं, पण ते काहीच धरून ठेवत नाही.

खरी गफलत पुढे आहे. ध्येय ओळखण्याची कसोटी म्हणून सांगितलं जातं की व्यवस्थेला ढकलून पाहा. ती पूर्वीच्या जागी परत आली तर तिला ध्येय आहे. ही कसोटी मला अजिबात मान्य नाही. वाटीतली गोटी ढकलली तरी तळाशी परत येते. बेनारची घरं ढवळून मोडली, तरी आच चालू असेपर्यंत पुन्हा बनतात. परत येणं पुरेसं नाही. सरळ वाट अडवल्यावर काय होतं, ते पाहायला हवं.

पावसाळ्यात मुंबईत हिंदमाताला उभं राहून पाहा. समुद्र काही फार लांब नाही, पण तो भाग बशीसारखा खोलगट. चारी बाजूंचं पाणी तिथे उतरतं आणि थांबतं. थोडं वर चढून काठ ओलांडला तर पुढे उतारच आहे, पण पाणी ते चढणार नाही. त्यासाठी पंप बसवावे लागतात. आता त्याच पाण्यातला माणूस घ्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडल्या. माणसं रुळांवरून चालत निघाली. पुढे पाणी छातीपर्यंत आलं की मागे फिरून दुसरा रस्ता धरत होती. घरी जायचं म्हणून घरापासून लांब जात होती! मला या साऱ्या विषयात याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट दिसत नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1890 मध्ये हाच फरक लोहचुंबक आणि लोखंडाच्या किसाने दाखवला होता. मध्ये पुठ्ठा धरला की कीस पुठ्ठ्याला चिकटून बसतो, बाजूने वळसा घालत नाही. किसाची वाट ठरलेली असते. चुंबकाशी गाठ पडली तर पडली. प्रेमिकांच्या मध्ये भिंत घातली तर ते दुसरी वाट काढतात. त्यांचं ठिकाण ठरलेलं असतं.

आता मुंग्या. आमच्या ओट्यावर गुळाच्या डब्यापर्यंत रांग लागली होती, तेव्हा मी मध्येच चार बोटं जागा ओल्या फडक्याने पुसली. पुसलेल्या कडेशी मुंग्या थबकल्या, मिशा हलवत गोल फिरल्या, काही माघारी वळल्या. रांग पुन्हा जुळायला बराच वेळ गेला. गूळ तिथेच होता, पुसला गेला होता तो मुंग्यांनी वाटेवर सोडलेला वास, ज्याच्या मागोमाग बाकीच्या चालतात. ब्रुसेल्सच्या गॉस, देनबूर आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये अर्जेंटाइन मुंग्यांना लांब आणि आखूड असे दोन पूल एकदम दिले. आखूड पुलावरून फेऱ्या लवकर होतात, वास लवकर साठतो, म्हणून रांग आखूड पुलावर गेली. पण आधी फक्त लांब पूल देऊन अर्ध्या तासाने आखूड जोडला, तर रांग लांबवरच अडकून राहिली. जवळचा रस्ता हे त्या रांगेचं ध्येय असतं तर हे झालं नसतं.

म्हणून 'ध्येय' म्हणण्याआधी ते कुणाचं, हे विचारावं. दादरच्या पुलावर सगळेच एका दिशेने चालू लागले तर दोन रांगा विरून जातील आणि त्या परत आणायला काहीही धडपडणार नाही. पण त्याच रांगेतली एक बाई जिना बंद दिसताच गर्दीच्या उलट वळते आणि दुसऱ्या जिन्याने उतरून कल्याण फास्ट गाठते. ध्येय तिचं आहे, रांगेचं नाही. 'मुंबई स्वतःचा मार्ग काढते' हे वाक्य मला याच कारणाने खटकतं. मार्ग माणसं काढतात.

मग न ठरवता ध्येय उगवतं तरी कसं? रॉस अ‍ॅश्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने 1948 मध्ये 'होमिओस्टॅट' हे यंत्र दाखवलं. चार एकक एकमेकांना जोडलेले, प्रत्येकावर एक हलणारी सुई. सुई मधल्या पट्ट्यात असेपर्यंत जोडणी तशीच राहते. बाहेर गेली की त्या एककाचा स्विच पुढच्या, यदृच्छेने ठरवलेल्या जोडणीवर सरकतो. प्रत्येकी 25 जोडण्या, म्हणजे चौघांच्या मिळून 25×25×25×25, एकूण 3,90,625 जुळण्या. जी सुई सांभाळत नाही ती जुळणी सुटते, जी सांभाळते ती टिकते. बाहेरून एखादी तार उलटी जोडली तरी यंत्र चाचपडत नवी जुळणी शोधतं. गोटीजवळ हा दुसरा फेरा नसतो. एक फेरा सुई सांभाळतो आणि तो हरला की दुसरा फेरा पहिल्याची रीतच बदलतो. हा दुसरा फेरा कुठे आहे ते दाखवता येत असेल, तरच मी 'ध्येय' हा शब्द वापरेन.

सजीवांत याचं माझं आवडतं उदाहरण न्यूटचं आहे. पालीसारखा दिसणारा हा उभयचर. 1940च्या दशकात प्रिन्स्टनला गेरहार्ड फँकहाउझर यांनी गुणसूत्रांचे जादा संच असलेले न्यूट वाढवले. त्यांच्या पेशी खूप मोठ्या, पण अंग नेहमीएवढंच. मूत्रपिंडाच्या नळीचा आडवा छेद घेतला तर एरवी बऱ्याच पेशी कडं करून उभ्या असतात. पेशी मोठ्या झाल्या तशा त्या कड्यात कमी मावल्या, नळी मात्र तेवढीच राहिली. सर्वांत मोठ्या पेशींच्या न्यूटमध्ये काही ठिकाणी एकच पेशी स्वतःभोवती वळून तीच पोकळी धरून बसलेली दिसली. रीत बदलली, ठिकाण तेच राहिलं.