चित्र विकलं, हक्क कुणाकडे राहिला? ऑस्ट्रेलियातील आदिवासी चित्रकारांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कलाकेंद्रात चित्र पूर्ण झालं की कॅनव्हासच्या पाठीवर क्रमांक पडतो. चित्रकाराचं नाव, भाषासमूह, माप, साल आणि चित्रातली कहाणी त्या क्रमांकापुढे नोंदली जाते. चित्र विकलं की तोच क्रमांक असलेलं प्रमाणपत्र त्याच्यासोबत जातं. ही नोंद नसली तर पुढे लिलावात चित्राचं मूळ सिद्ध करणं अवघड होतं आणि भाव पडतो. ही शिस्त कुणाच्या टेबलावर बसून ठरलेली नाही. तिच्यातला एकेक नियम कुणाच्या तरी नुकसानीतून आलेला आहे.

सुरुवात अल्बर्ट नामाजिरा यांच्यापासून करावी लागते. १९०२ साली हर्मन्सबर्ग मिशनवर जन्मलेल्या या अरांडा जमातीच्या माणसाने १९३६ मध्ये रेक्स बॅटरबी या गोऱ्या चित्रकाराला उंटांवरून आपला मुलूख दाखवला आणि बदल्यात जलरंग शिकून घेतले. दोनच वर्षांनी मेलबर्नमध्ये त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं आणि सगळी चित्रं विकली गेली. सरकार त्यांच्याकडून प्राप्तिकर घेत होतं, पण अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायची परवानगी मात्र त्यांना मिळाली नाही. १९५७ मध्ये त्यांना नागरिकत्वाचे हक्क मिळाले. म्हणजे ते स्वतः दारू विकत घेऊ शकत होते, पण ज्यांना तो हक्क नव्हता अशा नातेवाइकांना दिली तर तो गुन्हा होता. ज्या समाजात हाती आलेलं वाटून घेणं हाच धर्म, तिथे हे निभणार कसं? १९५८ मध्ये त्यांना शिक्षा झाली आणि १९५९ मध्ये ते गेले.

त्यांच्या हक्कांचं काय झालं, हे प्रत्येक तरुण चित्रकाराला सांगायला हवं. १९५७ मध्ये त्यांनी एका प्रकाशकाशी करार केला होता आणि छापील प्रतींवर साडेबारा टक्के मानधन ठरलं होतं. १९८३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी विश्वस्ताने सगळा स्वामित्वहक्कच त्या प्रकाशकाला ८,५०० डॉलरला विकून टाकला. कुटुंबाचं मानधन थांबलं. हक्क परत मिळाला तो थेट २०१७ मध्ये, एका डॉलरच्या नाममात्र किमतीला. चित्र विकणं आणि स्वामित्वहक्क विकणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. चित्र कुणाच्याही भिंतीवर गेलं तरी, लेखी सही करून दिला नसेल तर, हक्क चित्रकाराकडेच राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं वारसांकडे. म्हणून टी-शर्ट, कॅलेंडर किंवा पाकिटावर चित्र छापायचं असेल तर ठराविक मुदतीचा, ठराविक वस्तूपुरता परवाना द्यावा. 'सर्व हक्क कायमचे' असं लिहिलेल्या कागदावर सही करू नये.

१९७१ मध्ये पापुन्या या सरकारी वसाहतीत शाळामास्तर जेफ्री बार्डन यांच्या पाठिंब्याने तिथल्या वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. (ती भिंत पुढे काही वर्षांतच सरकारी रंगाखाली गेली.) मग मिळेल त्या फळीवर, हार्डबोर्डच्या तुकड्यांवर चित्रं सुरू झाली. त्याच वर्षी कापा म्बित्याना त्यांपित्यिन्पा यांच्या चित्राला अ‍ॅलिस स्प्रिंग्जमधल्या स्पर्धेत पहिल्या बक्षिसाचा अर्धा वाटा मिळाला आणि १९७२ मध्ये चित्रकारांच्याच मालकीची 'पापुन्या तुला आर्टिस्ट्स' ही कंपनी उभी राहिली. दलालाच्या हाती न जाता आपणच आपला माल विकायचा, हा पायंडा तेव्हा पडला. पुढची बहुतेक कलाकेंद्रं त्याच वाटेने गेली.

पण पहिल्या वर्षीच एक चूक झाली होती. दीक्षा न झालेल्यांनी, बायकांनी, मुलांनी पाहू नयेत अशा विधींच्या वस्तू काही फळ्यांवर उघड दिसत होत्या. प्रदर्शनं होऊ लागली तसा आजूबाजूच्या समाजांनी आक्षेप घेतला. मग त्या आकृत्या कमी होत गेल्या आणि ठिपक्यांची पाखर वाढली. म्हणजे आज जगभर ओळखली जाणारी ही ठिपक्यांची शैली काही अंशी झाकण्यासाठी वाढलेली आहे. वार्लपिरी या वाळवंटी समाजात तर पूर्वजांच्या पवित्र कथेचे वडिलांकडून आलेले धनी 'किर्दा' आणि आईकडून आलेले राखणदार 'कुर्दुंगुर्लु' अशी जोडीच असते. धनी रंगवतो, राखणदार पाहतो की नीट होतंय ना. 'मला ही कथा रंगवायचा अधिकार आहे का' हा प्रश्न तिथे आधी विचारला जातो, रंगसंगतीचा नंतर.

उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये चित्र झाडाच्या सालीवर काढतात. स्ट्रिंगीबार्क निलगिरीची साल पावसाळ्यात, झाडात रस चढलेला असताना, सहज सुटते. वरचा खरबरीत थर काढायचा, विस्तवावर शेकायची, मग वजन ठेवून सपाट वाळवायची. घाई केली तर ती पुन्हा वळते आणि रंगासकट तडकते. गेरू, पांढरी माती, कोळसा हे रंग; बारीक जाळीदार रेघांसाठी माणसाच्या केसांची लांब कुंचली. १९६६ साली निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या एक डॉलरच्या नोटेवर अशाच एका सालीवरचं चित्र न विचारता छापलं गेलं होतं. ते डेव्हिड मलांगी यांचं असल्याचं नंतर उघड झालं आणि रिझर्व्ह बँकेने त्यांना १,००० डॉलर, मासेमारीचं साहित्य आणि पदक दिलं.

१९९४ चा गालिच्यांचा खटला त्याहून पुढचा. व्हिएतनाममध्ये विणून आणलेल्या गालिच्यांवर आदिवासी चित्रं उतरवली होती. त्यांतल्या पवित्र आकृत्यांवर लोक पाय देऊन चालणार होते. शिवाय गैरवापर झाला तर कुळापुढे जबाबदार धरलं जातं ते चित्रकारालाच, त्याला पत्ता नसला तरी. न्यायालयाने भरपाई मोजताना ही सांस्कृतिक हानीही धरली आणि १,८८,६४० डॉलर ठरवले. पण कायदा ठराविक चित्राला राखतो, शैलीला नाही. ठिपके आणि जाळी कुणीही काढू शकतो. वारलीच्या त्रिकोणी माणसांचं आपल्याकडे जे होतं तेच. म्हणूनच बाहेरून आणलेल्या बनावट बूमरँगविरुद्धचा खटला नक्कल केल्याचा नव्हता, ग्राहकाची दिशाभूल केल्याचा होता. २०१९ मध्ये एका घाऊक विक्रेत्याला त्यासाठी २३ लाख डॉलरचा दंड झाला.

भावाची गोष्ट सगळ्यात बोचरी. क्लिफर्ड पॉसम त्यापाल्त्यारी यांचं १९७७ चं 'वार्लुगुलाँग' १,२०० डॉलरला गेलं आणि वर्षानुवर्षं बँकेच्या प्रशिक्षण केंद्राच्या कँटीनमध्ये टांगलेलं होतं. २००७ मध्ये ते २४ लाखांना विकलं गेलं. तेव्हा क्लिफर्ड जाऊन पाच वर्षं झाली होती आणि त्या फेरविक्रीत घरच्यांना कायद्याने एक पैचाही हक्क नव्हता. जून २०१० पासून १,००० डॉलर किंवा त्यावरच्या फेरविक्रीवर ५ टक्के चित्रकाराला किंवा वारसांना मिळतात. मात्र त्या तारखेआधी घेतलेल्या चित्राचा त्यानंतरचा पहिला व्यवहार यातून सुटतो. वारस कोण, हे कागदावर नसेल तर पैसे अडकून पडतात. मृत्युपत्र करून ठेवायला कलाकेंद्रं इतकी विनवतात ती यासाठीच.

केंद्राबाहेरचा धोका म्हणजे फिरते दलाल. चित्रकाराला शहरात आणायचं, मोटेलच्या खोलीत बसवायचं, जेवणखाण आणि गाडीभाडं हिशेबात घालायचं आणि चित्रं उचलून न्यायची. म्हातारी माणसं त्यात पिळली जातात, कारण त्यांच्या एका कमाईवर सगळा गोतावळा अवलंबून असतो. २००७ च्या सिनेट चौकशीत हे प्रकार मांडले गेले आणि त्यातून विक्रेत्यांसाठी आचारसंहिता आली. ती ऐच्छिक आहे, आणि हीच तिची मोठी उणीव.

सगळ्यांची वाट वाळवंटातून जात नाही. १९८७ मध्ये सिडनीत दहा शहरी चित्रकारांनी 'बूमाली' ही सहकारी संस्था काढली, कारण 'ठिपके नाहीत म्हणजे खरे आदिवासी नाहीत' असं गॅलऱ्या त्यांना ऐकवत होत्या. २०२४ मध्ये व्हेनिस बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनात आदिवासी चित्रकार आर्ची मूर यांनी काळ्या भिंतींवर खडूने आपली अफाट वंशावळ लिहिली आणि ऑस्ट्रेलियाला तिथला सर्वोच्च सन्मान, सुवर्णसिंह, पहिल्यांदाच मिळवून दिला.

१९५६ साली अल्बर्ट नामाजिरा यांचं व्यक्तिचित्र काढून विल्यम डार्गी या गोऱ्या चित्रकाराने ऑस्ट्रेलियातला व्यक्तिचित्रांचा मानाचा आर्चिबाल्ड पुरस्कार जिंकला होता. २०२० मध्ये तोच पुरस्कार अल्बर्ट यांचे पणतू व्हिन्सेंट नामाजिरा यांना मिळाला. तो मिळवणारे ते पहिले आदिवासी चित्रकार. ते घडले दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या इंडुलकाना या वस्तीच्या 'इवान्जा आर्ट्स' या कलाकेंद्रात.