सातारा लिहायला सहा क्लिक

शेजारच्या काकूंनी मागच्या महिन्यात मला एक नवाच नियम सांगितला. "अरे, या फॉर्ममध्ये मराठी लिहायचं तर दर अक्षराला माउस मारावा लागतो." त्या एका संस्थेचा ऑनलाइन अर्ज भरत होत्या आणि 'जन्मगाव' या चौकटीत सातारा लिहीत होत्या. क्लिक केलं, स उमटला, कीबोर्ड मुका. पुन्हा क्लिक, काना उमटला, पुन्हा मुका. काकू इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीवर टाइप करतात. त्यात डोळ्यांना तीन अक्षरं दिसणारा सातारा म्हणजे सहा कळा: स, काना, त, काना, र, काना. म्हणजे सहा क्लिक. एखादा क्लिक चुकून शब्दाच्या मधोमध पडला की पुढचा काना भलत्याच अक्षराला जाऊन चिकटे.

तोवर दोन सल्ले घेऊन झाले होते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने 'कीबोर्ड गेला, बदलून टाका' असं सांगितलं होतं. भाच्याने फोनवरून कॅशे आणि कुकी, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेली माहिती, साफ करायला लावली होती. त्यातून एवढंच झालं, की काकू सगळीकडून लॉगआउट झाल्या आणि तीन पासवर्ड नव्याने शोधावे लागले.

मी त्यांना वर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत सातारा लिहायला सांगितलं. एका दमात लिहिला गेला. तिथेच कीबोर्ड निर्दोष सुटला. मग अर्जाच्या चौकटीत इंग्रजी लिहून पाहिलं. तिथेही एक अक्षर आणि पुढे सामसूम, म्हणजे मराठीही निर्दोष. उरलं ते पान. आणि पानात गडबड होती ती फोकसची.

कळ दाबल्यावर काय होतं ते थोडक्यात पाहू. कीबोर्ड फक्त 'अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली' इतकंच कळवतो. त्या एकाच कळेवरचा स घ्यायचा की इंग्रजी एम, हे ऑपरेटिंग सिस्टिम निवडलेल्या मांडणीवरून ठरवते आणि ज्या खिडकीत आपण काम करत असतो तिच्याकडे ते पाठवते. ती खिडकी ब्राउझरची असेल तर ब्राउझरची मुख्य प्रोसेस, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्राम, ते समोरच्या पानाच्या प्रोसेसकडे देते. (क्रोम २००८ मध्ये आला तेव्हापासून पानांचं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं, म्हणून एक पान कोसळलं तरी सहसा अख्खा ब्राउझर कोसळत नाही.) आता पानात शंभर गोष्टी आहेत: चौकटी, बटणं, दुवे. हे अक्षर कोणाचं? दर क्षणी पानातली एकच गोष्ट कीबोर्डची मानकरी असते, आणि हा मान म्हणजेच फोकस. कोणीच मानकरी नसेल तर अक्षर अख्ख्या पानाच्या नावावर जमा होतं. पान म्हणजे काही लिहायची जागा नव्हे, त्यामुळे ते तिथेच विरून जातं. ना त्रुटीचा संदेश, ना आवाज. म्हणूनच माणसाला कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. फोकस पडद्यावरच्या जागेला चिकटलेला नसतो, तो चौकट नावाच्या वस्तूला चिकटलेला असतो. आपल्याला फक्त जागा दिसते, म्हणून हा फरक लक्षात येत नाही. एखादी सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाते. जुनी इमारत पाडली, त्याच प्लॉटवर हुबेहूब तशीच दुसरी बांधली, रंगही तोच, पाटीही तीच. लांबून पाहणाऱ्याला काहीच घडलेलं नाही. पण जुन्या घराचा वीजमीटर, फोनची तार, दारावरची बेल, सगळं इमारतीबरोबर गेलं. नव्या घरात बेल वाजायची तर जोडणी नव्याने करावी लागते. काकूंच्या अर्जात हेच होत होतं, फक्त दर अक्षरामागे एक रिडेव्हलपमेंट, आणि तीही डोळ्याची पापणी लवायच्या आत.

पान असं का करतं? आजची बरीच पानं एकदा लिहून ठेवलेली नसतात, ती माहिती बदलेल तशी पुन्हापुन्हा रेखाटली जातात. तुम्ही स टाइप केला, माहिती बदलली, पान म्हणतं, चला नव्याने रेखाटू. २०१३ मध्ये खुलं झालेलं रिॲक्ट हे साधन या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. ते दरवेळी सगळं पाडत नाही, उलट पाडापाडी टाळणं हीच त्याची खुबी. जुना आराखडा आणि नवा आराखडा शेजारी ठेवून ते ताडून बघतं: इथे आधी चौकट होती, आताही त्याच प्रकारची चौकट आहे, मग चौकट राहू दे, फक्त आतला मजकूर बदल. फोकस शाबूत.

पण 'त्याच प्रकारची' हे ठरवायचं कसं? इथे प्रोग्रामर घसरतो. चौकट बनवण्याची कृती एका फंक्शनमध्ये लिहिलेली असते. ते फंक्शन दुसऱ्या, अख्खा अर्ज रेखाटणाऱ्या फंक्शनच्या पोटात लिहिलं, तर अर्ज रेखाटताना प्रत्येक वेळी पोटातलं फंक्शन नव्याने जन्माला येतं. त्यातला शब्दन् शब्द तोच असतो, पण जावास्क्रिप्टच्या, म्हणजे असली पानं ज्या भाषेत लिहितात तिच्या, लेखी ते दुसरं फंक्शन असतं. दोन फंक्शनं सारखी आहेत का, हे ती भाषा मजकूर वाचून ठरवत नाही, दोन्ही नावं एकाच वस्तूकडे बोट दाखवतात का एवढंच पाहते. त्यामुळे रिॲक्टचा निष्कर्ष निघतो, की प्रकार बदलला, जुनं पाडा, नवं बांधा. यादीतल्या चौकटींना ओळख म्हणून दरवेळी नवा यादृच्छिक क्रमांक दिला तरी परिणाम तोच. जुनी चौकट पानातून निघाली की ब्राउझर नियमाप्रमाणे फोकस काढून घेतो आणि पुढची कळ पुन्हा अख्ख्या पानाच्या नावावर जाते. या परिच्छेदात गोंधळ उडाला असेल तर काळजी नको, तो लिहिणाऱ्यांचाही उडतो, म्हणून तर हा दोष एवढा सापडतो.

उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांचं दुखणं याहून मोठं. रोमन कळांमधून सातारा लिहिताना शब्द आधी कच्चा असतो, खाली रेघ असलेला, आणि पसंत पडल्यावर पक्का होतो. ही जुळणी एका विशिष्ट चौकटीशी बांधलेली असते. मध्येच चौकट बदलली की जुळणीच मोडते. शिवाय जुळणी चालू असताना पानाला खरी कळ बहुधा कळतच नाही. बऱ्याच ब्राउझरांत दर कळेला २२९ हाच क्रमांक मिळतो. विंडोजमधून चालत आलेला हा सांकेतिक आकडा आहे, त्याचा अर्थ 'या कळेवर लेखनप्रणाली काम करते आहे'. 'फक्त अमुक ते अमुक क्रमांकाच्या कळा चालतील' असे पहारे बसवणाऱ्या पानांपुढे सगळ्याच कळा २२९ होऊन आल्या, की पहारेकरी एक तर सगळ्यांना सोडतो नाही तर सगळ्यांना अडवतो. असे पहारे बसवणाऱ्याने मराठी सोडाच, चिनी किंवा जपानी टाइप करणारा माणूसही कधी डोळ्यांपुढे आणलेला नसतो.

दुसरा एक प्रकार: क्लिक केलं तरी चौकटीत कर्सर येतच नाही. याच्या मुळाशी एक छोटी गंमत आहे, आत्ता करून बघा. कुठल्याही चौकटीवर माउसचं बटण दाबा आणि सोडू नका. कर्सर आलेला दिसेल. म्हणजे फोकस बटण दाबतानाच सरकतो, क्लिक तर बटण सोडल्यावर पुरा होतो. ओढून हलवता येणाऱ्या तक्त्यांसाठी लिहिलेला एखादा कोड ही 'दाबण्याची' घटना मध्येच गिळतो. क्लिक पोचतो, फोकस पोचत नाही. किंवा चौकटीवर एखादा पारदर्शक पडदा पसरलेला असतो, बंद झालेल्या जाहिरातीचा किंवा 'कृपया थांबा'चा, आणि सगळे क्लिक त्या पडद्यावर पडतात. दोन्हीवर उतारा एकच: माउस सोडा आणि टॅब ही कळ दाबत दाबत चौकटीपर्यंत जा. तशाने लिहिता आलं तर दोष क्लिकच्या वाटेवर आहे. टॅबनेही चौकट लागत नसेल तर ती कदाचित मुद्दाम बंद ठेवलेली असेल. आणि कर्सर येतो पण अक्षर उमटत नाही, असं असेल तर ती फक्त वाचण्यापुरती असू शकते.

एफ-७ या कळेचा वेगळा उल्लेख करायला हवा. ती चुकून दाबली गेली तर क्रोम किंवा फायरफॉक्स 'कर्सरने वाचन' सुरू करू का असं विचारतो, आणि घाईत 'हो' म्हटलं की साध्या मजकुरातही कर्सर लुकलुकायला लागतो. लिहिता मात्र येत नाही. पुन्हा एफ-७ दाबलं की प्रश्न मिटतो. फायरफॉक्समध्ये टाइप करताच पानात शोध सुरू करण्याची सोयही आहे. ती चालू असेल तर हरवलेली अक्षरं खालच्या शोधपट्टीत सापडतात.

फोकस बळकावण्याचे धंदेही झाले आहेत. २००६ च्या सुमारास संशोधकांनी दाखवून दिलं, की पान तुमच्या टाइप होणाऱ्या मजकुरातली हवी ती अक्षरं नेमक्या क्षणी फोकस हलवून फाइल निवडायच्या चौकटीत पाडू शकतं आणि त्यातून तुमच्या संगणकावरच्या फाइलचा पत्ता तयार करू शकतं. आज त्या चौकटीत हाताने काही लिहिताच येत नाही, फक्त बटण दाबून फाइल निवडता येते, त्याची मुळं अशा युक्त्यांत आहेत. आयफोनवर पानाने आपणहून फोकस दिला तरी बोट लावल्याशिवाय सहसा कीबोर्ड वर येत नाही.

थोडं खोलात जाणाऱ्यांसाठी एफ-१२ ही कळ आहे, तिने ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडते. तिथल्या कन्सोल नावाच्या भागात 'सध्याचा मानकरी कोण' हे सतत दाखवणारी सोय आहे, क्रोममध्ये ती डोळ्याच्या चिन्हामागे मिळते. काकूंच्या अर्जात एक अक्षर टाइप करताच तिथलं नाव चौकटीवरून थेट 'बॉडी'वर, म्हणजे अख्ख्या पानावर गेलं. रोग उघडा पडला. एक अडचण अशी, की तपासायला त्या खिडकीत क्लिक केलं की पानाचा फोकस आपल्यामुळेच जातो, आणि फोकस गेल्यावर मिटणारे मेनू तपासण्याआधीच मिटतात. 'निरीक्षणाने वस्तुस्थिती बदलते' हे ऐकून लगेच क्वांटम भौतिकीचा जप सुरू करू नका. इथे कारण साधं आहे, फोकस एकच आहे आणि तो तुम्ही पळवलात. क्रोममध्ये पानाचा फोकस गेलाच नाही असं भासवायचा पर्यायही आहे.

बाकी, दसऱ्याला काकूंच्या लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवतात त्याला माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती वर्षभर चालणाऱ्या 'कॅशे साफ करा'ला. पूजेने निदान पासवर्ड तरी जात नाहीत.

संस्थेला कळवलं, उत्तर अजून आलेलं नाही. पण अर्जाची मुदत दोन दिवसांवर होती, म्हणून यंत्रणेच्या चालीवरूनच वाट काढली. चौकट पाडली जाते ती मजकूर बदलल्यानंतर, आणि चिकटवलेला अख्खा शब्द हा एकच बदल धरला जातो. काकूंनी नोटपॅडमध्ये सातारा लिहिला, कॉपी केला, चौकटीत चिकटवला. चौकट पडली, नवी उभी राहिली, पण तोवर सातारा सगळाच्या सगळा आत पोचला होता.

काकूंनी चष्मा वर केला आणि खालची चौकट दाखवली. तिथे 'संपूर्ण पत्ता, पिनकोडसह' असं लिहिलं होतं. "मग हा मी काल एकेक अक्षर करून भरला, तो उगीचच?"