कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिस

कॅरिबियन प्रदेशातील पाच स्वतंत्र देशांचे सामाईक अंतिम अपील न्यायालय. स्थापनेचा करार १४ फेब्रुवारी २००१ रोजी झाला आणि १६ एप्रिल २००५ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे न्यायालयाचे उद्घाटन झाले. बार्बाडोस व गयाना पहिल्यापासून, बेलीझ २०१० पासून, डॉमिनिका २०१५ पासून आणि सेंट लुशिया २०२३ पासून आपली अंतिम अपिले येथे पाठवतात. ज्या त्रिनिदाद व टोबॅगोच्या राजधानीत न्यायालय भरते, त्या देशाची स्वतःची अंतिम अपिले मात्र अजून लंडनला, प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीकडे जातात.

ब्रिटिश वसाहतींतील अपिले ऐकणारी ही समिती १८३३ च्या कायद्याने आकाराला आली. १९६० नंतर बेटे एकामागून एक स्वतंत्र झाली, पण बहुतेकांनी आपल्या राज्यघटनांत लंडनचा दरवाजा उघडा ठेवला. गयानाने १९७० मध्ये प्रजासत्ताक होताना तो बंद केला. त्याच वर्षी जमैकाने प्रादेशिक अपील न्यायालयाची कल्पना कॅरिबियन सरकारप्रमुखांपुढे मांडली; ती प्रत्यक्षात यायला पस्तीस वर्षे गेली.

लहान देशाला असे न्यायालय का हवे, याचे एक कारण उघड आहे. काही लाख वस्तीच्या, कधी त्याहूनही लहान देशात वकील, न्यायाधीश, मंत्री आणि पक्षकार एकमेकांना ओळखतात, अनेकदा एकाच शाळेत शिकलेले असतात. अपिलाची शेवटची पायरी देशाबाहेर असली की ही ओळख आड येत नाही. लंडनच्या बाजूने बोलणारेही हेच कारण देतात, आणि वादाची खरी गाठ इथेच आहे : न्यायाधीश किती दूरचा असला म्हणजे तो तटस्थ, आणि किती दूर गेला म्हणजे परका?

परकेपणाचा मुद्दा तापला तो फाशीवरून. १९९३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जमैकाच्या एका अपिलात ठरवले, की फाशीच्या छायेत पाच वर्षांहून अधिक काळ घालवलेल्या कैद्याला फासावर देणे ही अमानुष शिक्षा ठरू शकते. त्यानंतर अनेक फाशी जन्मठेपेत बदलल्या आणि नेते चिडले. नवे न्यायालय म्हणजे फाशी देण्याची सोय, असा आरोप मग विरोधकांनी केला. तो खरा ठरला नाही. २००६ मध्ये या न्यायालयाने बार्बाडोसच्या दोन कैद्यांना फासावर देण्याचा सरकारचा मार्ग रोखला, आणि २०१८ मध्ये त्याच देशातील सक्तीची मृत्युदंडाची तरतूद घटनाबाह्य ठरवली.

न्यायालयाची सर्वांत कल्पक बाजू मात्र कायद्यात नाही, हिशेबात आहे. सदस्य सरकारांनी दरवर्षी वर्गणी द्यायची असती, तर नावडत्या निकालानंतर ती थकवणे सोपे होते. म्हणून कॅरिबियन विकास बँकेमार्फत १० कोटी अमेरिकन डॉलर उभारून विश्वस्त निधी केला गेला. खर्च त्याच्या उत्पन्नातून भागावा अशी योजना आहे. न्यायाधीशांची निवडही सरकारे करत नाहीत, ती वकील संघटनांसह निरनिराळ्या संस्थांनी सुचवलेल्या सदस्यांचा आयोग करतो. केवळ अध्यक्षाची नेमणूक सरकारप्रमुख करतात, तीही आयोगाच्या शिफारशीवरून. पहिले अध्यक्ष मायकेल दे ला बास्तीद होते.

अपील ज्या देशातून आले त्याच देशाची घटना व कायदे लावले जातात. न्यायासन एक, कायदे पाच. गयानाच्या खटल्यांत याचा कस लागला. डिसेंबर २०१८ मध्ये तेथील ६५ सदस्यांच्या संसदेत सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव ३३ विरुद्ध ३२ मतांनी संमत झाला. सरकारचा युक्तिवाद असा, की ६५ चे निम्मे साडेबत्तीस, ते पूर्ण आकड्यात ३३, आणि बहुमत म्हणजे त्याहून एक जास्त, ३४. गयानाच्या अपील न्यायालयाने हे मान्यही केले. जून २०१९ मध्ये कॅरिबियन न्यायालयाने साधे गणित पुन्हा जागेवर आणले : निम्म्याहून मोठी पहिली पूर्ण संख्या ३३, ठराव संमत. पुढच्याच वर्षी निवडणुकीच्या फेरमोजणीतील एक लाखाहून अधिक मते वगळू पाहणारा अहवालही त्याने रद्दबातल ठरवला. या न्यायालयाकडे ना पोलीस ना तुरुंग, तरीही त्या निवडणुकीनंतर सत्तांतर झाले.

दुसरे, वेगळेच काम म्हणजे कॅरिबियन देशांच्या सामाईक बाजारपेठेचा पाया असलेल्या चाग्वारामासच्या सुधारित तहाचा अर्थ लावणे. येथे ते अपील न्यायालय नसून पहिले व शेवटचे न्यायालय असते, आणि लंडनला अपिले पाठवणारे देशही त्याच्यापुढे बांधील असतात. सिमेंटवरील सामाईक आयात कर परस्पर थांबवल्याबद्दल २००९ मध्ये गयानाला, तर जमैकाच्या एका नागरिक स्त्रीला विमानतळावरून परत पाठवल्याबद्दल २०१३ मध्ये बार्बाडोसला त्याने दोषी धरले.

तरीही लोकांचा कौल अनुकूल नाही. अंतिम अपिले लंडनऐवजी येथे पाठवावीत का, यावरचे सार्वमत ग्रेनाडात २०१६ व २०१८ मध्ये, आणि अँटिग्वा व बार्ब्युडात २०१८ मध्ये फसले. दोन्हीकडे दोन-तृतीयांश मते लागणार होती. साधे बहुमतही मिळाले नाही. डॉमिनिका व सेंट लुशिया आले ते सार्वमत न घेता, संसदेच्या मार्गाने. जमैकाने साध्या कायद्याने बदल करू पाहिला तेव्हा तो २००५ मध्ये अवैध ठरवला गेला, आणि तो निकाल देणारे न्यायासन होते लंडनचेच.