चहा, दाबीव : साठवणीतील परगंध

वाफवून साच्यात दाबलेला आणि वर्षानुवर्षे मुरवत ठेवलेला चहा साठवणीत जे नकोसे वास धरतो, त्यांना येथे परगंध म्हटले आहे. अशा चहाचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे चीनच्या युनान प्रांतातील पू-अर. तो मोठ्या पानाच्या जातीपासून (कॅमेलिया सायनेन्सिस, आसामिका प्रकार) करतात. ३५७ ग्रॅमची चकती आणि अशा सात चकत्यांचा बांधा रूढ असून विटेच्या व वाटीच्या आकारातही तो मिळतो. ग्वांगशीतील ल्यूपाव आणि हुनानमधील फू-वीट हे त्याचे भाऊबंद. कोकणात असा चहा होत नाही. घरोघरी उकळतो तो भुकटीचा, गवती चहाची पात टाकलेला. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत कोकण किनारा येतो तो साठवणीची जागा म्हणून.

कच्चा पू-अर हळूहळू मुरतो, तर पिकवलेला पू-अर ओल्या ढिगात झपाट्याने मुरवतात. पानांच्या ढिगावर पाणी मारून तो झाकून ठेवला की आतले तापमान साधारणपणे ५० ते ६० से. पर्यंत चढते, दीड-दोन महिने ढीग अधूनमधून उलथावा लागतो. या पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. १९७३ मध्ये कुनमिंगच्या चहा कारखान्यात ती सिद्ध झाली, असे युनानमधील परंपरा सांगते. दुसऱ्या मतानुसार ग्वांगडाँगमध्ये १९५० च्या दशकापासूनच पाणी मारून चहा मुरवण्याचे प्रयोग चालू होते आणि युनानच्या तंत्रज्ञांनी ते तेथे जाऊन पाहिले. हाँगकाँगचे व्यापारी त्याही आधीपासून दमट तळघरांत चहा ठेवून त्याला लवकर म्हातारा करीत, याबद्दल फारसा वाद नाही. हे सर्व पाहता १९७३ हे शोधाऐवजी प्रमाणीकरणाचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ताज्या ढिगाचा मासळीसारखा वास हा पद्धतीचाच भाग आहे. काही महिने ते काही वर्षे मोकळ्या हवेत तो उतरतो आणि त्यास दोष म्हणत नाहीत. तळघराचा कुबट वास मात्र गुण की अवगुण, याबद्दल हाँगकाँगच्या आणि युनानच्या रसिकांत आजही मतभेद आहेत.

जुन्या पू-अरला येणाऱ्या कापरासारख्या गंधाविषयीही दोन मते आहेत. युनानमधील मळ्यांत कापराची झाडे आहेत, त्यांच्या सावलीत वाढलेले पान तो गंध घेते, असे जुने स्पष्टीकरण. रसायनशास्त्रीय विश्लेषणात मात्र मुरलेल्या पू-अरच्या गंधात मेथॉक्सिबेंझीन वर्गातील संयुगे, विशेषतः १,२,३-ट्रायमेथॉक्सिबेंझीन व १,२,४-ट्रायमेथॉक्सिबेंझीन, ठळकपणे आढळतात. चहातील कॅटेचिनांपासून बुरशीच्या टॅनेज विकरामुळे गॅलिक अम्ल सुटते, आणि पुढे अशा फिनॉलांच्या (वनस्पतींत सर्रास आढळणाऱ्या कार्बनी संयुगांच्या) हायड्रॉक्सिल गटांवर अ‍ॅस्परजिलस नायजर व तत्सम कवके मेथिल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा जोड) चढवतात. झाडांचे स्पष्टीकरण पूर्णपणे टाकून देण्याजोगे नसले, तरी कापराचे झाड जवळपास नसताना मुरलेल्या चहालाही हा गंध येतो, हे दुसऱ्या मताच्या बाजूने जाते.

कुबट परगंधाचे मूळही याच मेथिलीकरणात आहे. फिनॉल कवकांना विषारी. मेथिल गट चढवून ती त्यांचे विष उतरवतात. समोर आलेले फिनॉल चहाचे असेल तर हवासा जुना गंध तयार होतो, आणि ते क्लोरीनयुक्त असेल तर क्लोरोअ‍ॅनिसोले. त्यांपैकी २,४,६-ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल हे सर्वांत कुप्रसिद्ध. बुचाच्या वाइनमधील कुबट दोषाचे कारण म्हणून स्विस संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ते ओळखले. कॉफीतील ‘रिओ’ (औषधी, आयोडिनसारख्या चवीच्या) दोषाशीही त्याचा संबंध जोडला गेला आहे. पाण्यात एका लिटरला काही नॅनोग्रॅम एवढे असले तरी ते जाणवते. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये असे दाखवले की हे संयुग नाकातील गंधपेशींच्या विद्युत् प्रवाहाचे मार्गच अडवते; म्हणजे ते स्वतःच्या वासाबरोबर इतर गंधही दाबते. दोषी चहा कित्येकदा ‘वाईट’ लागण्याऐवजी नुसता सपक लागतो, त्याची संगती यामुळे लागते.

ओल्या मातीचा वास वेगळा. तो स्ट्रेप्टोमायसीस वर्गातील जीवाणू व काही कवके यांच्या जिओस्मिनमुळे येतो. पहिल्या पावसाच्या सुगंधात त्याचाच वाटा असतो. आवारात हवाहवासा वाटणारा हा गंध कपात नकोसा होतो. ताज्या अळिंबीसारखा वास १-ऑक्टेन-३-ऑलचा.

कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुधा ८५ टक्क्यांच्या वर असते आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाचा पाऊस ३,००० मिमी.च्या आसपास किंवा अधिक होतो. साधारणपणे ७० ते ७५ टक्क्यांपुढे बहुतेक साठवण-कवके वाढू लागतात. भरीस समुद्राच्या वाऱ्यात मिठाचे कण असतात आणि मीठ ७५ टक्क्यांच्या पुढे हवेतील पाणी ओढून विरघळते. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ती यामुळेच. दाबीव चहातील पाणी १२-१३ टक्क्यांच्या आत राखावे असा सर्वसाधारण दंडक आहे. कोकणात उघड्यावर ठेवलेली चकती पावसाळाभर तो पाळू शकत नाही.

केवळ दमटपणा असेल तर परिणाम हाँगकाँगच्या तळघराजवळ जातो, आणि दमट वाऱ्याचा उपयोगही करता येतो. कोकणाच्या दक्षिणेस मंगळूर परिसरात कॉफीचे दाणे पावसाळी वाऱ्यावर काही आठवडे मुद्दाम फुगवतात (मॉन्सून मलबार). फरक पडतो तो आसपासच्या क्लोरीनमुळे. ग्रामपंचायती विहिरींत टाकतात ती टीसीएल पावडर किंवा दुकानातली ब्लीचिंग पावडर पायऱ्यांवरचे शेवाळ काढायला, मोरी धुवायला आणि बुरसटलेल्या फळ्या घासायलाही वापरली जाते. सुटलेला क्लोरीन लाकडातील फिनॉलांवर बसतो, मग बुरशी आपले काम करते. बुरशी घालवायची म्हणून ब्लीचिंग पावडरने घासलेले फडताळ चहासाठी न घासलेल्या फडताळापेक्षा वाईट ठरू शकते. मद्याच्या तळघरांत याच कारणासाठी अशी द्रव्ये वर्ज्य मानतात.

दुसरा मार्ग समुद्राचा आहे. रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथे १९८९ पासून चालू असलेल्या बंदरात चीनचा माल कंटेनरांतून उतरतो. कंटेनरांच्या लाकडी तळाला आणि पुठ्ठ्याला पूर्वी क्लोरोफिनॉलयुक्त परिरक्षके असत. ऑस्ट्रेलियातून गेलेल्या सुक्या फळांच्या खोक्यांवरील अभ्यासात आर्द्रता वाढली की क्लोरोफिनॉलांचे क्लोरोअ‍ॅनिसोलांत रूपांतर वाढते, असे दिसले होते. ब्रोमीनयुक्त जोडसंयुगेही तशीच घडतात. गोणपाटाचा रॉकेलसारखा वास तागाला मऊ करण्यासाठी वापरलेल्या खनिज तेलाचा असतो. अन्नधान्याच्या गोण्यांसाठी आता वनस्पतिजन्य तेल वापरण्याकडे कल आहे.

घरातील शेजार हा उरलेला प्रश्न. आगोटीच्या बेगमीत सुकट, सुके बोंबील, खोबरे, आमसुले एकाच माळ्यावर येतात. चहाचे सच्छिद्र पान यांतले काहीही शोषते. मोगऱ्याच्या कळ्यांत ठेवून सुगंधी चहा करतात तो याच गुणामुळे. सुक्या मासळीचा वास मुख्यतः ट्रायमेथिलअमाइनचा. ते अल्कधर्मी असल्याने अम्लात बांधले जाते, आणि मासळीच्या कालवणात सोल घालण्याचा फायदा त्यामुळेच होतो. खवट खोबऱ्याचा अत्तरासारखा वास कवकांनी लॉरिक अम्लापासून केलेल्या २-अनडेकॅनोनचा. चहात तो शिरला की फुलांचा गंध समजून फसगत होण्याचा संभव. चुलीवरच्या माळ्यात ग्वायाकॉल इत्यादी धुराची फिनॉले येतात, पण धूर चहा कोरडाही ठेवतो, हे मान्य केले पाहिजे. वेंगुर्ले-मालवण पट्ट्यात काजूची टरफले जाळणाऱ्या भट्टीचा धूर अधिक उग्र असतो.

सर्वांत सामान्य अपराधी मात्र डांबर गोळी. नॅप्थॅलीन घन अवस्थेतूनच वायुरूप होते आणि पॉलिथिनमधून आरपार जाते. त्यामुळे लुगड्यांच्या पेटीत चहा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणे निरर्थक. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, काचेची बरणी किंवा धातूचा थर असलेली पिशवी लागते. कापराच्या वड्यांनाही हेच लागू. जुन्या चहाचा नैसर्गिक कापूरगंध आणि वडीचा वास यांत गोंधळ होतो; त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी ओतले असता वडीचा वास बहुधा पहिल्या एकदोन पाण्यांत ओसरतो, मुरलेला गंध पुढच्या पाण्यांतही टिकतो.

उपायांविषयी मोघम सल्ले पुष्कळ आढळतात. हलक्या अमाइनांना आणि अ‍ॅल्डिहाइडांना आश्विनातल्या कोरड्या हवेत, सावलीत, चहा सुटा करून ठेवल्यास उतार पडतो. नॅप्थॅलीनला महिने लागतात. वाळवणासारखे उन्हात घालणे टाळावे, कारण उन्हाने चहाचा स्वतःचा गंध बिघडतो. पहिले उकळते पाणी ओतून टाकण्याच्या चिनी रीतीने धूळ आणि पृष्ठभागावरचे वास कमी होतात. सक्रियित कोळसा चांगले-वाईट सरसकट ओढून घेतो. क्लोरोअ‍ॅनिसोलांवर यांपैकी काहीच पुरेसे चालत नाही. ती जड, तेलात मिसळणारी व पानाला धरून बसणारी आहेत, आणि पेटीच्या लाकडात मुरली असतील तर नव्या चहालाही लागतात. अशी पेटी बदलावी लागते. वास घेऊन पारख करायची असल्यास ती रिकाम्या, कोमट कपाच्या झाकणावर, दिवसाच्या पहिल्या प्रयत्नात करावी. दुसऱ्या-तिसऱ्या हुंगण्यापर्यंत नाक या संयुगांना सरावते.