तांबडे डोंगर, निळं नाव

स्कॉटलंडमध्ये स्पे नदीच्या खोऱ्यात उभं राहिलं की दोन्ही अंगांना डोंगररांगा दिसतात. गेलिक या तिथल्या जुन्या भाषेत एकीचं नाव ‘अम मोनघ रुअघ’, म्हणजे तांबूस डोंगर. समोरची ‘अम मोनघ लिअ’, राखाडी डोंगर. पहिल्या रांगेचा ग्रॅनाइट खरोखरच गुलाबीसर आहे, त्यामुळे खोऱ्यात राहणाऱ्याला दोन्ही नावं नुसत्या नजरेनं पटतात. नकाशात मात्र तांबूस रांग ‘केर्नगॉर्म्स’ झाली. तिच्यातल्या ‘कार्न गोरम’ या एका शिखराचं नाव सगळ्या रांगेला चिकटलं, आणि गोरम म्हणजे निळा!

हा निळाही नेमका आपला निळा नव्हे. गेलिकमध्ये आकाश गोरम असतं आणि तजेलदार हिरवं गवतही गोरमच. करड्या-हिरवट छटेसाठी ‘ग्लास’ हा वेगळा शब्द आहे. म्हणून नुसता शब्दकोश उघडून नावाचा अर्थ लावणं मला धोक्याचं वाटतं. आधी जागा पाहावी, मग शब्द.

१९व्या शतकात ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या मोजणीदारांनी स्कॉटलंडभर नावं गोळा केली. त्यांच्या नाववह्यांमध्ये नाव, त्याची वेगवेगळी स्पेलिंगं, ती कुणी सांगितली आणि जागेचं वर्णन असे रकाने असत. हा खजिनाच आहे. पण बरेच मोजणीदार गेलिक न जाणणारे होते, आणि त्या डोंगरात गुरं राखणाऱ्यापेक्षा जमीनदार, पाद्री किंवा शाळामास्तर यांच्या शब्दाला वजन जास्त होतं. ‘अखघ न शीन्य’चं ‘अक्नाशीन’ झालं. उच्चार थोडाफार टिकला, पण ‘वादळवाऱ्याचं शेत’ हा अर्थ इंग्रजी वाचणाऱ्याच्या हाती लागेना.

त्यामुळे आज नाव नोंदवताना कान महत्त्वाचा. जुना नकाशा पुढ्यात ठेवून गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडून नाव वदवून घ्यायचं आणि ध्वनिमुद्रित करायचं. गेलिक जोडनावात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, बहुधा त्या जागेची खास ओळख सांगणाऱ्या भागावर, म्हणजे शेवटाकडे पडतो. ‘इन्व्हरनेस’मध्ये जोर ‘नेस’वर आहे, कारण नाव नेस नदीच्या मुखाचं आहे. आघात पहिल्याच भागावर आला, तर नाव नॉर्स (व्हायकिंगांच्या भाषेतलं) किंवा इंग्रजी असण्याची शंका घ्यावी. कागदावर हा आघात दिसत नाही. २०२२च्या जनगणनेत गेलिक बोलणारे सुमारे ७० हजार होते, पण अमुक एका दरीतल्या प्रत्येक ओढ्याचं नाव जाणणारे त्यांच्यातही थोडेच असणार.

सह्याद्रीत भटकणाऱ्याला ही नावं परकी वाटणार नाहीत. आपण डोंगराची सोंड म्हणतो, ते ‘स्रोन’ म्हणजे नाक म्हणतात. हिमनदीनं कोरलेल्या खोलगट दरीला ते ‘कोरे’, म्हणजे हंडा म्हणतात. त्याचाच ‘कॉरी’ होऊन तो भूगोलाच्या पुस्तकात गेला. ‘किंग्युसी’ म्हणजे पाइनच्या रानाचं टोक, त्यामुळे पूर्वी कुठे कोणतं रान होतं याचा माग काढणाऱ्यांनाही अशी नावं उपयोगी पडतात.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘आरी’ हा शब्द. उन्हाळ्यात गुरं डोंगरावर चरायला नेत, बायका-मुली तिथल्या झोपड्यांत राहून लोणी आणि चीज करत. ती जागा म्हणजे आरी. झोपड्यांची छपरं कधीच गेली, दगडी जोती तेवढी उरली आहेत. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेणखतानं तिथलं गवत आजही भोवतालच्या तपकिरी माळापेक्षा हिरवंगार दिसतं. नकाशात नाव असो वा नसो, दूरवरून तो हिरवा तुकडा दिसला की नोंद करणारा तिकडे वळतो आणि सोबतच्या म्हाताऱ्याला विचारतो, “ही कुणाची आरी?”