किशोर, कुमार की युवा? एका रखडलेल्या शब्दाची पार्श्वभूमी

'तरुणांचा रहस्यकादंबरीकार' आणि 'तरुण रहस्यकादंबरीकार' यांत फरक आहे, पण छापून येताना तो बहुधा गळतो. नागपूरच्या धरमपेठेत बसून तेरा ते अठराच्या मुलांसाठी रहस्य रचणाऱ्या माणसाची बरीचशी कारकीर्द हाच फरक समजावण्यात जाते, कारण या वयाच्या वाचकाला नेमकं काय म्हणायचं, हेच अजून ठरलेलं नाही.

जुना इतिहास थोडक्यातच सांगतो. तंजावरला १८०६ साली मराठीत आलेल्या इसापापासून मुलांची पुस्तकं मोजतात. रहस्य मात्र बराच काळ मोठ्यांचं राहिलं. मुंबईच्या बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयातून त्या घरी यायच्या आणि पोरं भूगोलाच्या पुस्तकाआड धरून वाचायची. पुढे फुरसुंगीचा 'ट्टॉक्' करणारा किडकिडीत सायकलस्वार, फास्टर फेणे, आला. पण त्याचं वसतिगृह पुण्यात. नागपूरच्या पोरांना त्यामुळे आपल्या सीताबर्डीच्या आधी पुण्याचे रस्ते पाठ झाले.

१९७१ साली पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या सरकारी मंडळानं 'किशोर' मासिक काढलं. काम मोलाचं, पण शब्द शाळकरी मुलांकडे गेला तो तिथेच राहिला. त्याच्या पुढच्या वयाला 'कुमार' म्हणायचे. आज दहावीच्या मुलाला कुमार म्हटलं तर तो लग्नपत्रिका आठवून हसतो.

खरा गुंता अलीकडचा. दिल्लीच्या साहित्य अकादमीनं २०१० पासून बालसाहित्याला पुरस्कार सुरू केला. त्यातला वाचक ९ ते १६ वर्षांचा. पुढच्याच वर्षी युवा पुरस्कार आला. त्यात वय लेखकाचं बघतात, पस्तिशीच्या आतलं. पहिल्या पुरस्कारात वाचकाचं वय, दुसऱ्यात लेखकाचं! सतरा वर्षांच्या मुलीसाठी चाळिशीतल्या बाईंनी लिहिलेली खुनाची गोष्ट मग कुठे बसवायची? सोळाच्या आतल्यांसाठी म्हणावी, तर तिला बोलणाऱ्या सशांच्या शेजारी बसावं लागतं. राज्याच्या पुरस्कारांतही बालवाङ्मय संपलं की थेट प्रौढ. अमेरिकेतल्या रहस्यलेखकांच्या संघटनेनं १९६१ पासून मुलांच्या रहस्यकथेला पुरस्कार दिला आणि १९८९ पासून मोठ्या मुलांसाठी वेगळा काढला. म्हणजे तिथेही अठ्ठावीस वर्षं लागली. आपल्याकडे तो प्रश्न अजून विषयपत्रिकेवरही दिसत नाही, आणि माझ्या मते हे निव्वळ दुर्लक्ष आहे.

रहस्यकथेत तर ही वयाची रेघ कथानकातच शिरते. पोलिसांच्या टिपणात सतरा वर्षांचा आरोपी 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असतो. २०१५ च्या कायद्यानं मात्र अतिगंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट उघडली. कायदाच जिथे अडखळतो, तिथे ग्रंथपालानं पुस्तक कुठल्या कपाटात लावायचं?

मालमसाल्याची नागपुरात कमी नाही. सीताबर्डीचा किल्ला शहराच्या मधोमध उभा, इंग्रज-भोसल्यांची १८१७ ची लढाई याच टेकडीवर झाली, पण सैन्याच्या ताब्यात असल्यानं सामान्य माणसाला वर्षातले मोजकेच दिवस आत सोडतात. डिसेंबरात अधिवेशनासाठी अख्खं सरकार इथे उतरतं. तेवढ्या गर्दीत कोण कुणाच्या फाइलीत काय सरकवेल, सांगता येत नाही. पात्रांची बोली मात्र 'काय करून राह्यला बे' अशी. ती विनोदी पात्राला चालते. गुप्तहेर बोलला की तिची 'काय करतो आहेस' होते. हे मला कधीच पटलेलं नाही.

वयाचा वाद टाळायचा सोपा उपाय म्हणजे नायक पंधरा वर्षांचा ठेवणं. पण पंधराव्या वर्षी गाडीचा परवाना मिळत नाही. म्हणून हाही पुन्हा सायकलवरच, आणि पाठलाग मे महिन्यातल्या दुपारी, पंचेचाळीस अंशांत, फुटाळ्यापासून इतवारीपर्यंत.