वॉकर (इंग्रजी आडनाव)

वॉकर हे इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील एक जुने व्यवसायदर्शक आडनाव असून तेथून ते अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व वेस्ट इंडीज येथवर पसरले आहे. आजच्या इंग्रजीत ‘वॉक’ म्हणजे चालणे, त्यामुळे या आडनावाचा अर्थ ‘चालणारा’ असा असावा असे सहज वाटते. काही जुन्या लेखकांनी तर जंगलाच्या नेमून दिलेल्या टापूत पायी गस्त घालणाऱ्या राखणदारावरून ते आले असावे, असेही सुचविले होते. मात्र बहुतेक वॉकर घराण्यांच्या बाबतीत हे आडनाव लोकरी कापडाच्या धंद्यातून आले आहे. प्राचीन इंग्रजीत ‘वेआल्कान’ या क्रियापदाचा अर्थ लोळवणे, घोळणे, उलटसुलट करणे असा होता. त्यावरून बनलेला ‘वेआल्केरे’ हा शब्द मागावरून उतरलेले कापड तुडवून घट्ट करणाऱ्या कारागिरासाठी वापरीत.

मागावरून नुकतेच उतरलेले लोकरी कापड विरविरीत असते आणि त्यात लोकरीचा मूळ चिकटपणा व विणताना लावलेले तेल राहिलेले असते. ते कापड लांबट कुंडात पाण्यात भिजवून त्यात विशिष्ट माती किंवा शिळे मूत्र मिसळीत आणि कारागीर त्यावर उघड्या पायांनी तासन्‌तास नाचत असत. शिळ्या मूत्रातील अमोनिया तेलकटपणा काढून टाकी. ओलावा, ऊब आणि सततचा दाब यांमुळे लोकरीच्या तंतूंवरील सूक्ष्म खवले एकमेकांत अडकत, कापड आटून दाट होई आणि थंडी-पावसाला दाद न देणारे बने. वापरली जाणारी माती म्हणजे आपल्याकडे मुलतानी माती म्हणून ओळखली जाणारी, तेल शोषून घेणारी मातीच होय. इंग्लंडमध्ये ती सरी आणि बेडफर्डशर या परगण्यांत सापडे, आणि कापडधंद्याच्या दृष्टीने तिचे मोल इतके होते की तिच्या निर्यातीवर दीर्घकाळ बंदी होती. तुडवून झालेले कापड पुन्हा धुऊन लाकडी चौकटींवर आकड्यांना ताणून वाळवीत, म्हणजे आटताना वेडेवाकडे झालेले पन्हे पुन्हा सरळ होई. हे काम अंगमेहनतीचे आणि दुर्गंधीचे होते, पण त्यावाचून विणकराच्या कापडाला बाजारात किंमत नव्हती.

बाराव्या शतकापासून या कामात पाणचक्क्या आल्या. टेंप्लर या धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या ११८५ मधील मालमत्तेच्या पाहणीत कापड कुटण्याच्या गिरण्यांचा उल्लेख आढळतो. त्यांत वाहत्या पाण्यावर फिरणारा आस लाकडी मोगऱ्या उचलून कापडावर आपटीत असे. उत्तर इंग्लंडात अशा गिरणीला ‘वॉक मिल’ म्हणत आणि काही ठिकाणच्या स्थाननामांत तो शब्द अजून टिकून आहे. त्यामुळे चौदाव्या शतकात ज्यांच्या नावापुढे वॉकर हे बिरूद कायमचे चिकटले, त्यांच्यापैकी अनेक जण स्वतः कापड तुडवीत नसून गिरणी चालवीत असावेत, असे मानणे सयुक्तिक ठरते.

या आडनावाचा सर्वांत मनोवेधक भाग म्हणजे त्याचा भूगोल. याच एका कामासाठी मध्ययुगीन इंग्लंडात तीन निरनिराळे शब्द रूढ होते आणि तिन्हींची आडनावे झाली. आग्नेय भागात आणि पूर्व अँग्लियात ‘फुलर’ चालत असे, जो लॅटिन ‘फुल्लो’पासून आला आहे. डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉल या नैर्ऋत्य परगण्यांत ‘टकर’ हा शब्द होता, तर यॉर्कशर, लँकशर व मध्य इंग्लंडच्या पट्ट्यात ‘वॉकर’ होता. एक्सेटर शहरात विणकर, टकर आणि कापड कातरणारे यांच्या संघाची १४७१ मध्ये बांधलेली वास्तू आजही ‘टकर्स हॉल’ याच नावाने उभी आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज धर्मसुधारक जॉन विक्लिफच्या अनुयायांनी केलेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, मार्कच्या शुभवर्तमानातील येशूच्या शुभ्र वस्त्रांच्या वर्णनात, ‘फुलर’ आणि ‘वॉकर’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत. निरनिराळ्या प्रांतांतील वाचकांना अर्थ कळावा, हाच त्यामागचा हेतू दिसतो. पुढे प्रमाण इंग्रजीत कारागिराचे नाव म्हणून ‘फुलर’ टिकले व ‘वॉकर’ मागे पडले. तरीही बोलींची ती जुनी हद्द या तीन आडनावांच्या वाटणीत शतकानुशतके शाबूत राहिली, आणि म्हणूनच बोलीभाषेच्या अभ्यासकाला ती एखाद्या दस्तऐवजाइतकी मोलाची वाटतात.

इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर आधी जमीनदारांत आणि मग तेराव्या-चौदाव्या शतकांत सामान्य लोकांत रुळली. उत्तरेकडे ही प्रक्रिया काहीशी उशिरा पूर्ण झाली. १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या, म्हणजे माणशी आकारलेल्या कराच्या, याद्या या काळाच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन आहेत. नेमक्या याच काळात इंग्लंड कच्ची लोकर विकणारा देश न राहता तयार कापड विकणारा देश होत होता. जवळजवळ प्रत्येक ओढ्याकाठी कापड कुटणारा कोणीतरी होता, आणि त्यामुळे हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले. सर्व वॉकरांचा एकच मूळपुरुष शोधण्याचा किंवा ‘वॉकर घराण्याचे’ म्हणून एकच मानचिन्ह विकण्याचा प्रकार म्हणूनच निराधार आहे. इंग्लंडमध्ये मानचिन्ह हे व्यक्तीला व तिच्या वंशजांना दिले जाते, आडनावाला नव्हे.

स्कॉटलंडमध्ये इंग्रजी वॉकरांच्या जोडीला गेलिक भाषेतील ‘मॅक अन उखकदर’, म्हणजे कापड कुटणाऱ्याचा मुलगा, या नावाचे भाषांतर होऊनही काही कुटुंबे वॉकर झाली. हेब्रिडीज बेटांवर हे काम स्त्रिया एकत्र बसून, ओले कापड फळीवर तालात आपटत आणि सामूहिक गाणी म्हणत करीत. ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत टिकली आणि त्या श्रमगीतांचा फार मोठा ठेवा संग्रहित झाला आहे. जर्मनीतील ‘वाल्कर’ व ‘वेल्कर’ ही आडनावेही याच धंद्यातून आलेली आहेत.

लोकप्रियतेबाबत बोलायचे तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंड व वेल्सच्या निबंधक कार्यालयाने सर्वाधिक आढळणाऱ्या पन्नास आडनावांची यादी प्रसिद्ध केली. तीत वॉकर अठराव्या क्रमांकावर असून अशा व्यक्तींची संख्या अंदाजे ५९ हजार धरली होती. अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत पाच लाखांहून अधिक लोकांचे हे आडनाव होते आणि ते पहिल्या तीस आडनावांत मोडत होते.

अमेरिकेतील वॉकरांत आफ्रिकी वंशाच्या लोकांचे प्रमाण मोठे आहे. गुलामगिरीच्या काळात मालकाकडून आलेली किंवा मुक्तीनंतर स्वतः निवडलेली आडनावे १८७० च्या जनगणनेत प्रथमच सर्वत्र नोंदली गेली. कापड तुडवण्याशी सुतराम संबंध नसलेल्या या माणसांनी या आडनावाला जे तेज दिले, ते त्याच्या इतिहासात फार मोलाचे आहे. क्वॉक वॉकर या गुलाम तरुणाच्या खटल्यांतून १७८१ ते १७८३ दरम्यान मॅसॅच्युसेट्समधील गुलामगिरीचा कायदेशीर पाया ढासळला. डेव्हिड वॉकर यांनी १८२९ मध्ये बॉस्टनहून गुलामगिरीविरुद्ध जळजळीत आवाहन प्रसिद्ध केले. मॅगी लेना वॉकर यांनी १९०३ मध्ये रिचमंड येथे बँक स्थापन केली. सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायातून मोठ्या उद्योजिका झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांना हे आडनाव विवाहाने मिळाले होते.

इंग्लंडमधील वॉकरांत घर्षणाने पेटणारी काडेपेटी १८२७ मध्ये विक्रीस आणणारे स्टॉकटनचे औषधविक्रेते जॉन वॉकर आणि १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी जॉन वॉकर हे दोघे विशेष उल्लेखनीय आहेत. यांपैकी दुसऱ्यांचा जन्म यॉर्कशरमधील हॅलिफॅक्स या लोकरी कापडासाठी नावाजलेल्या गावचा आहे. स्कॉटलंडमधील किल्मार्नोक येथील किराणा व्यापारी जॉन वॉकर यांचे नाव त्यांच्या व्हिस्कीमुळे जगभर पोचले. ‘बेस्ट’च्या बसमध्ये वाहक असलेले बद्रुद्दीन काझी यांना गुरुदत्त यांनी त्याच व्हिस्कीवरून ‘जॉनी वॉकर’ हे पडद्यावरचे नाव दिले, आणि मराठी घरांतही हे आडनाव मुख्यतः या विनोदी अभिनेत्यामुळे ओळखीचे झाले.